निर्वासितांचें साहाय्य आणि तालुक्यांतील सेवामंडळें

कल्याण स्टेशनाहून ठाणें जिल्ह्याच्या ग्रामीण भागांत जाण्यास दोन वाटा आहेत. आगगाडीची वाट आसनगांव, आटगांव, खर्डी हीं स्टेशनें घेत शहापूर तालुक्यांतून कसाऱ्याकडे जाते. सडकेची वाट शहाडवरून मुरबाड गांठते व पुढें माळशेज घाट चढते. या वाटांच्या तोंडाशीं दुसऱ्या महायुद्धांत लष्कराची मोठी छावणी होती. युद्ध संपलें, बराकी रिकाम्या झाल्या, आणि १९४७ सालीं फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांस सरकारनें त्याच बराकींत उतरविलें. लाखाच्या आसपास माणसें कल्याण कँपांत आलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नव्या वसाहतीची कोनशिला बसविण्यांत आली व कँपाचें उल्हासनगर झालें. निर्वासित हा शब्द ठाणें जिल्ह्यास वर्तमानपत्रांतून कळलेला नाहीं. तो त्याच्या उंबरठ्याशीं येऊन राहिला.

अशा प्रसंगीं लोकांची मदत धांवून येते ती अर्जाचा नमुना विचारीत नाहीं. कोणी धान्य देतो, कोणी कपडे देतो, कोणी मुलांना चार अक्षरें शिकवितो. परंतु प्रसंग लांबला म्हणजे उत्साह ओसरतो, आणि पैशाचा, माणसांचा व जबाबदारीचा हिशेब कोणास तरी ठेवावा लागतो. कोल्हापुरानजीक वळिवडें येथें हा अनुभव आला. १९४३ ते १९४८ या काळांत तेथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बायका व मुलेंच अधिक. प्रथम त्यांच्या खर्चाचा भार लंडनमधील परागंदा पोलिश सरकारावर होता. १९४५ सालीं त्या सरकारची मान्यता गेली आणि युद्धोत्तर आंतरराष्ट्रीय साहाय्यसंस्थांना पुढें यावें लागलें. छावणींतील मुलें वाढतच होतीं. त्यांचा खर्च कोणीं करावयाचा हें मात्र दूरच्या राजधान्यांत ठरत होतें. पुढें १४ डिसेंबर १९५० रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें निर्वासितांसाठीं उच्चायुक्तांचें कार्यालय स्थापण्याचा ठराव केला, व १ जानेवारी १९५१ पासून तें जिनीव्हा येथें सुरू झालें. त्याची मुदत आरंभीं तीनच वर्षांची होती! निर्वासित कांहीं संपले नाहींत, म्हणून मुदत वाढत गेली, आणि अखेर २००३ सालीं मुदतीची अटच काढून टाकण्यांत आली.

भारतानें १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर अगर १९६७ च्या त्याच्या पुरवणीवर सही केलेली नाहीं, व निर्वासितांसंबंधीं स्वतंत्र कायदाहि देशांत नाहीं. तथापि हें कार्यालय येथें परकें राहिलेलें नाहीं. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून सुमारें एक कोटि लोक आले, तेव्हां संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याचें सूत्र त्याच्याच हातीं होतें. तिबेटी लोक व श्रीलंकेंतून आलेले तमिळ यांची व्यवस्था भारत सरकार स्वतः पाहतें. गोंदिया जिल्ह्यांत गोठणगांव येथें १९७२ सालीं वसलेली तिबेटी वसाहत हें महाराष्ट्रांतील त्याचें उदाहरण होय. म्यानमार, अफगाणिस्तान इत्यादि देशांतून आलेल्यांची नोंदणी नवी दिल्लींतील उच्चायुक्तांचें कार्यालय करतें. परंतु हें कार्यालय प्रत्येक वस्तींत स्वतः शाळा काढीत नाहीं कीं दवाखाना चालवीत नाहीं. त्यासाठीं तें सहयोगी संस्था निवडतें. दिल्लींत बॉस्को या संस्थेनें असें काम अनेक वर्षें केलें आहे. तमिळनाडूंत तर श्रीलंकेच्या निर्वासितांनीं १९८४ सालीं ‘ऑफर’ ही स्वतःचीच संस्था उभारली. साहाय्य घेणारा तोच साहाय्याचा व्यवस्थापक होऊं शकतो, हें त्यांनीं दाखवून दिलें.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत लहान-मोठीं सेवामंडळें पुष्कळ आहेत. कोणाचें वसतिगृह, कोणाची बालवाडी, कोणाचें फिरतें औषधालय. त्यांचे विश्वस्त व देणगीदार बहुधा मुंबई, ठाणें, डोंबिवली येथील सुशिक्षित कुटुंबांतले असतात. वार्षिक सभेंत शिल्लक रकमेचा आंकडा वाचला गेला, कीं यांपैकीं कोणीतरी हमखास विचारतो, “संयुक्त राष्ट्रांकडून पैसा मिळतो म्हणतात, मग आपण अर्ज कां करूं नये?” प्रश्न वावगा नाहीं. पण त्याच्या आधींचा एक प्रश्न आहे, व तो सहसा कोणी विचारीत नाहीं: आपलीं माणसें या कार्यालयाच्या कक्षेंत येतात काय?

घर सोडावें लागलेलीं माणसें या भागांत थोडीं नाहींत. तानसा तलाव १८९२ सालीं पुरा झाला, त्यानंतर भातसा धरण झालें. मुंबईचें निम्म्याच्या आसपास पाणी आज भातशाचें आहे. मुरबाडच्या बाजूस औद्योगिक विकास महामंडळाचें बारवी धरण टप्प्याटप्प्यानें उंच होत गेलें, आणि प्रत्येक टप्प्यास पाण्याची रेघ घरांच्या अधिक जवळ आली. शिवाय दिवाळी सरली कीं कातकरी कुटुंबें मुलाबाळांसह वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुंबईकराच्या नळाशीं व भिंतीशीं या माणसांचा इतका निकट संबंध आहे, कीं त्यांच्यासाठीं कांहीं करावें असें त्यास वाटणें स्वाभाविक आहे.

तथापि करारांतील अर्थानें निर्वासित तो, जो वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचें सदस्यत्व अथवा राजकीय मत यांपायीं छळ होण्याच्या सार्थ भीतीनें स्वदेशाबाहेर आला आहे. कित्येक देशांत हें कार्यालय युद्धामुळें देशांतल्या देशांत परागंदा झालेल्यांसाठींहि काम करतें. परंतु धरणग्रस्त व भट्टीवरचा मजूर त्याच्या कक्षेंत येत नाहींत. बुडालेलें घर तें बुडालेलेंच. त्या घरच्या म्हातारीस ही व्याख्या सांगून कांहींच उपयोग नाहीं. पण अर्ज लिहिणाऱ्यास ती ठाऊक असलीच पाहिजे. धरणग्रस्तांसाठीं महाराष्ट्राचा १९९९ चा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आहे व जिल्हा पुनर्वसन अधिकारी आहेत. आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठीं आदिवासी विकास खात्याचें प्रकल्प कार्यालय खुद्द शहापुरांतच आहे. चुकीच्या दारावर थाप मारण्यांत मंडळाचें एक वर्ष जातें, आणि योग्य दारावरचा अर्ज तसाच राहतो.

मग या अर्जाची माहिती घ्यावयाची कशास? एक तर निर्वासितांचे लोंढे आगाऊ सूचना देऊन येत नाहींत. कल्याणलाहि आली नव्हती. ज्या मंडळानें भट्टीवरच्या मुलांची मोडलेली शाळा दहा वर्षें सांधली आहे, त्याला निर्वासित मुलांची शाळा कशी सांधावी हें नव्यानें शिकावें लागणार नाहीं. दुसरें असें, कीं या अर्जानें मंडळास जे प्रश्न विचारले जातात ते आज कोणताहि मोठा देणगीदार थोड्याफार फरकानें विचारतोच. ते प्रश्न नीट समजून घेतल्यास अर्ज न करणाऱ्याचाहि लाभ आहे.

पहिला प्रश्न मंडळाच्या अस्तित्वाचा. नोंदणीचा दाखला, घटना, विश्वस्तांची यादी, गेल्या कांहीं वर्षांचे तपासलेले हिशेब, मंडळाच्या नांवाचें बँकखातें. हें सोपें वाटतें, आणि तालुक्यांतील निम्मीं घोडीं येथेंच अडतात. महाराष्ट्रांतील सार्वजनिक न्यास १९५० च्या न्यास-कायद्याखालीं धर्मादाय आयुक्तांकडे नोंदले जातात. विश्वस्त वारला, निवृत्त झाला अथवा नवा घेतला, म्हणजे नव्वद दिवसांच्या आंत बदल अर्ज दाखल करावा लागतो. प्रत्यक्षांत काय होतें? संस्थापक अण्णासाहेब दिवंगत होतात. त्यांची तसबीर कार्यालयांत लागते. पण ठाण्याच्या धर्मादाय कार्यालयांतील नोंदवहींत ते अध्यक्ष म्हणून हयातच राहतात. मग बँकेंत सही एकाची, ठरावावर दुसऱ्याची आणि सरकारी उताऱ्यावर तिसऱ्याची. जिनीव्हाच्या अथवा दिल्लीच्या तपासनिसास अण्णासाहेबांचा थोरपणा ठाऊक नसतो. त्याला तीन कागदांवर तीन नांवें दिसतात, आणि तो अर्ज बाजूस ठेवतो. यांत त्याचा दोष नाहीं. शहरांतील सुशिक्षित विश्वस्तास गांवीं जाऊन वर्ग घेणें जमत नसेल, तर न जमो. बदल अर्जाचा पाठपुरावा तरी त्यानें अंगावर घ्यावा.

यानंतर नोंदणी. २०१८ पासून उच्चायुक्तांचें कार्यालय, बालकांसाठींची युनिसेफ व जागतिक अन्न कार्यक्रम यांनीं मिळून यू. एन. पार्टनर पोर्टल नांवाचें एकच संकेतस्थळ चालविलें आहे. पुढें संयुक्त राष्ट्रांच्या इतर शाखाहि त्यांत आल्या. मंडळानें आपली माहिती तेथें एकदा भरावयाची. सुरक्षा समितीनें निर्बंध घातलेल्यांच्या यादीत मंडळाचें वा त्याच्या चालकांचें नांव नाहीं, याची तेथें छाननी होते. फी नाहीं. ‘नोंदणी करून देतों’ असें सांगून कोणी पैसे मागूं लागल्यास त्याला चहा पाजून निरोप द्यावा.

नोंदणी म्हणजे निवड नव्हे. कार्यालयास एखाद्या ठिकाणीं काम करून घ्यावयाचें असलें, म्हणजे तें त्याच संकेतस्थळावर आवाहन प्रसिद्ध करतें: अमुक शहरांत, अमुक निर्वासितांसाठीं, अमुक काम, अर्जाची मुदत ही. मंडळानें उत्तरादाखल एक संकल्पना-टिपण पाठवावयाचें. त्याचे गुण कोणत्या कसोट्यांवर दिले जातील हें आवाहनांतच सांगितलेलें असतें: त्या विषयांतील अनुभव, त्या जागेशीं व तेथील लोकांशीं परिचय, व्यवस्थापनाची शक्ति, मंडळ स्वतः काय घालणार, खर्चाच्या मानानें फळ किती. कार्यालयाच्या निरनिराळ्या शाखांतील माणसांची एक समिति हीं टिपणें तपासते, म्हणजे एकाच अधिकाऱ्याच्या मर्जीवर निवड राहत नाहीं. शहापूरच्या मंडळानें येथेंच ओळखावें, कीं दिल्ली वा हैदराबाद येथील वस्तीसाठीं आवाहन असेल तर ‘जागेशीं परिचय’ या कसोटीवर तें मागें पडणार.

टिपण लिहितांना तालुक्यांतील मंडळांचा एक जुना दोष आड येतो, तो म्हणजे भाषणाची भाषा. ‘उपेक्षितांच्या जीवनांत ज्ञानाचा दीप उजळण्याचें व्रत’ या वाक्यास समिति गुण देऊं शकत नाहीं. ‘मुरबाड तालुक्यांत तीन भट्ट्यांवर चाळीस मुलांचे वर्ग आठ महिने चालविले, जूनमध्यें त्यांतील इतकीं मुलें गांवच्या शाळेंत परत बसलीं, इतकीं बसलीं नाहींत, त्याचें कारण हें,’ असें लिहिल्यास देऊं शकते. न बसलेल्यांचा आंकडा लपवूं नये. अनुभवी तपासनीस तोच आधीं शोधतो, आणि तो मोकळेपणानें दिलेला दिसला कीं बाकीच्या आंकड्यांवर त्याचा विश्वास बसतो.

खर्चाचा अंदाज हें या प्रकरणाचें खरें मर्म आहे. नमुन्यासाठीं वरील चाळीस मुलांचाच वर्ग घ्यावा. दोन शिक्षिका, प्रत्येकीस दरमहा १२,००० रुपये, आठ महिने: १,९२,००० रुपये. खाऊ, मुलामागें दिवसाला १५ रुपये, महिन्याचे पंचवीस दिवस: १,२०,००० रुपये. पाट्या-वह्या, मुलामागें ६०० रुपये: २४,००० रुपये. देखरेख करणाऱ्याचा प्रवास, दरमहा ३,००० रुपये: २४,००० रुपये. एकूण ३,६०,००० रुपये. म्हणजे एका मुलास आठ महिन्यांचे ९,००० रुपये. आंकडे कल्पित आहेत, पण पद्धत अशीच असते. प्रत्येक रकमेमागें संख्या, दर व मुदत दिसली पाहिजे. ‘शैक्षणिक खर्च अंदाजे तीन-चार लाख’ असें लिहिणारें मंडळ प्रामाणिक असेलहि, परंतु त्याचा प्रामाणिकपणा तपासण्यास कागदावर कांहींच राहत नाहीं.

आणि पावत्या! टोकावड्याहून मुरबाडपर्यंत आणणारा जीपवाला पावती देत नाहीं. आठवड्याच्या बाजारांतील भाजीवालीहि देत नाहीं. यावर उपाय सोपा आहे. मंडळाचें छापील व्हाउचर असावें. त्यावर तारीख, रक्कम, कारण, पैसे घेणाऱ्याची सही वा अंगठा, आणि खर्चास मंजुरी देणाऱ्याची निराळी सही. मुख्य गोष्ट ती निराळी सही. लहान मंडळांत चिटणीसच खर्च करतो, तोच मंजूर करतो, तोच लिहितो व तोच बँकेंत जातो. तो सज्जन असतो. त्याच्यावांचून मंडळ एक दिवस चालणार नाहीं. तरी अर्जांतील अंतर्गत नियंत्रणाची प्रश्नावली नेमकें हेंच विचारते, कीं हे हात वेगवेगळे आहेत काय. हा प्रश्न त्याच्या सज्जनपणावर शंका घेत नाहीं. तो आजारी पडला, किंवा त्याच्यावर कोणीं आळ घेतला, तर त्याला सांवरणारा दुसरा कागद आहे कीं नाहीं, एवढेंच पाहतो.

आणखी एक बारीक अडचण सांगून ठेवण्याजोगी आहे. उच्चायुक्तांच्या कार्यालयाचें वर्ष जानेवारी ते डिसेंबर. आपल्याकडील हिशेबाचें वर्ष एप्रिल ते मार्च. त्यामुळें एकाच कामाचे हिशेब दोनदां, दोन तारखांस तोडून द्यावे लागतात. कुळकर्ण्याच्या चोपडीवर वाढलेल्या मुनिमास हें रुचत नाहीं. पहिल्या महिन्यापासून कामाचें खातें वेगळें ठेवलें तर त्रास वाटत नाहीं. वर्षाअखेर वेगळें करावयास बसलें तर मात्र सारें वर्ष पुन्हा लिहावें लागतें.

पैशाहूनहि कठीण अशी एक परीक्षा अलीकडे सर्वत्र लागूं झाली आहे. मदत वांटणाऱ्याच्या हातीं अन्न, कपडा, शाळेंतील जागा असते; घेणाऱ्याच्या हातीं कांहींच नसतें. या विषमतेचा फायदा घेऊन साहाय्यकार्यांतील माणसांनींच स्त्रियांचें व मुलांचें लैंगिक शोषण केल्याचे प्रकार जगांत उघडकीस आले आहेत. म्हणून सहयोगी संस्थेस विचारलें जातें: तुमचे नियम लेखी आहेत काय? कार्यकर्ते नेमतांना त्यांची पूर्वचौकशी होते काय? आणि तक्रार करावयाची झाल्यास कोणाकडे? या शेवटच्या प्रश्नास बहुतेक मंडळांचें उत्तर ठरलेलें असतें: ‘आमच्याकडे असें कधीं घडलेंच नाहीं.’ हें उत्तर नव्हे. वसतिगृहांतील बारा वर्षांच्या मुलीची तक्रार अधीक्षकाविरुद्ध असेल, आणि तक्रारपेटीची किल्ली अधीक्षकाच्याच कमरेला असेल, तर ती पेटी जन्मभर रिकामीच राहील. किल्ली मंडळाबाहेरच्या, मुलींस परिचित अशा एखाद्या बाईंकडे असावी. पेटी ठरलेल्या वारीं दोघांदेखत उघडावी. लिहितां न येणाऱ्या मुलीला बोलून सांगण्याची सोय असावी. आणि तक्रारीनंतर तिचें जेवण, तिची जागा, तिची शाळा यांस धक्का लागणार नाहीं हें तिला आधींच ठाऊक असावें. मुलांच्या बाबतींत तर २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानें असा गुन्हा कळल्यावर पोलिसांस कळविणें सक्तीचेंच केलें आहे; मंडळाची अब्रू झांकण्यासाठीं तो घरांतल्या घरांत मिटविणें हाच गुन्हा ठरतो. अर्ज करावयाचा असो वा नसो, एवढी व्यवस्था दर वसतिगृहांत आजच्या आज व्हावयास पाहिजे.

परदेशी पैशाच्या कायद्याचाहि येथें संबंध येतो, आणि त्याविषयीं गैरसमज फार आहेत. २०१० च्या विदेशी अंशदान कायद्यांत संयुक्त राष्ट्रें व त्यांच्या विशेष संस्था, जागतिक बँक इत्यादींस, तसेंच केंद्र सरकार ज्यांची नांवें जाहीर करील त्यांस, विदेशी स्रोत या व्याख्येंतून वगळलें आहे. अर्ज करण्यापूर्वीं देणारी शाखा या सवलतींत येते कीं नाहीं हें हिशेबतपासनिसाकडून लेखी घ्यावें. विलायतेंतील एखाद्या खासगी प्रतिष्ठानाचा पैसा मात्र विदेशीच. त्यासाठीं गृहमंत्रालयाची नोंदणी लागते. ती मिळण्यास मंडळ तीन वर्षांचें असावें व त्यानें मागील तीन वर्षांत कामावर निदान पंधरा लाख रुपये खर्च केलेले असावे. २०२० च्या दुरुस्तीनें असा पैसा प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लींतील मुख्य शाखेंतच घेतला पाहिजे असें ठरलें, व्यवस्थापन-खर्चाची मर्यादा पन्नासावरून वीस टक्क्यांवर आली, आणि एका संस्थेनें दुसरीस हा पैसा देणें पूर्णपणें बंद झालें. पूर्वीं मुंबईची मोठी संस्था परदेशी देणगी मिळवी व तिचा एक वाटा शहापूरच्या मंडळास देई. ती वाट आतां राहिलेली नाहीं. कायद्यामागील हेतु कांहींहि असो, त्याचा भार सर्वांत लहान मंडळांवर पडला हें उघड आहे.

निवड झाली म्हणजे करार होतो, कामाची योजना त्यास जोडली जाते, आणि पैसे हप्त्याहप्त्यानें येतात. पहिल्या हप्त्याचा हिशेब पटल्यावांचून पुढचा निघत नाहीं. न खर्चलेली रक्कम परत करावी लागते. शिवाय देणाऱ्याचा हातहि आंखडतो. २०२५ सालीं देणगीदार राष्ट्रांनीं मोठी कपात केल्यामुळें उच्चायुक्तांच्या कार्यालयास सुमारें ३,५०० पदें कमी करण्याचें जाहीर करावें लागलें. सर्वस्वी अशा पैशावर उभी असलेली शाळा त्या वर्षीं कोठें गेली असेल, याची कल्पना करवत नाहीं. मंडळाच्या एकूण खर्चांत अशा निधीचा हिस्सा किती असावा, हें विश्वस्तांनीं करारापूर्वीं ठरवावें, नंतर नव्हे.

दुसऱ्या बाजूचेंहि कांहीं देणें आहे. २०१६ सालीं इस्तंबूल येथें भरलेल्या जागतिक परिषदेंत मोठ्या देणगीदारांनीं व साहाय्यसंस्थांनीं मान्य केलें होतें, कीं २०२० पर्यंत संकटकालीन निधीचा निदान पंचवीस टक्के भाग स्थानिक व राष्ट्रीय संस्थांच्या हातीं शक्य तितक्या थेटपणें जावा. तें वचन मुदतींत पुरें झालें नाहीं. अर्जाची भाषा इंग्रजी, मुदत थोड्या आठवड्यांची, शब्द ठराविक. त्यामुळें ज्याला काम येतें त्याच्यापेक्षां ज्याला अर्ज लिहितां येतो त्याची सरशी होते. हें काम खेड्यांतील कार्यकर्त्यानें करावें अशी अपेक्षा धरणें अन्यायाचें आहे. शहरांतील ज्या विश्वस्तांच्या घरीं इंग्रजी सहज लिहिलें जातें, त्यांचा खरा उपयोग येथें आहे. मात्र मजकूर कार्यकर्त्याच्या तोंडून ऐकून घ्यावा, व लिहून झाल्यावर त्याला मराठींत वाचून दाखवावा. नाहींतर कागदावर एक मंडळ निवडलें जातें आणि काम करावयास दुसरेंच उभें राहतें.

निवड न झाल्यास कारण विचारतां येतें, व विचारावें. त्या उत्तरांतून पुढील अर्जाची पूर्वतयारी होते. संकेतस्थळावरील नोंद तशीच राहते, आणि तेथील इतर शाखांनाहि ती दिसते. त्यांपैकीं युनिसेफचें कार्यालय मुंबईंत आहे. मुलांचें पोषण, शाळा व संरक्षण हे तिचे विषय. आणि त्यांत मूल निर्वासिताचेंच असावें अशी अट नाहीं. मुरबाडच्या भट्टीवरचें अथवा भातशाच्या कांठचें मूल तेथें बसतें.